कॅमेऱ्यातली एक जानेवारी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

ज्वारीच्या कोठीतून कॅमेरा काढला. लेन्सला बुरशी! म्हणजे इतकी वर्षं ज्वारीत पुरून ठेवला ते फुकट. ज्वारी ओल ओढून घेते म्हणे. घेतली खरी. ज्वारीलाही बुरशी.

शिवशंकर बघत होते. नवरा म्हणून इतकी वर्षं शांत बसलेला माणूस नेमका अशा वेळी बोलतो. "आता भाकरीचे फोटो काढणार, का फोटोच्या भाकरी करणार?"

रबराची मूठ वितळून चिकट झालीय. हातात घेतला की तो मला सोडत नाही, मी त्याला सोडत नाही. टाल्कम पावडर चोपडली. आता त्याला तान्ह्या बाळाचा वास येतो आणि वजन मात्र पाट्याचं.

शहरातल्या जुन्या कॅमेरेवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'जुने डबे'. तिथं बुरशीचा फोटो टाकला. तिघांनी उन्हात ठेवायला सांगितलं, तिघांनी उन्हात ठेवू नका म्हणून बजावलं. मग एकानं विचारलं, "तुमचं शटर किती झालं? म्हणजे आजवर किती फोटो?" आणि सगळे आपापले आकडे सांगायला लागले. शुगरचे सांगावेत तसे!

खरं दुखणं घड्याळाचं आहे. २०११च्या दिवाळीत एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून सेकंडहँड घेतला, तेव्हापासूनचं. बॅटरी काढली की तारीख पुसून जाते. परत घातली की तो पडद्यावर विचारतो — १ जानेवारी २००७, रात्रीचे बारा, बरोबर? मी ओके दाबते. घाईत असते. चौदा वर्षं घाईत आहे. त्यामुळं भाच्याचं लग्न, आबांचं कार्य, कॉलेजची गॅदरिंगं, तीन संमेलनं, दोन मांजरी — माझ्या आयुष्यातलं सगळं एक जानेवारी २००७ ला झालेलं आहे. फार दगदगीचा दिवस!

५ ऑगस्ट, मंगळवार

मनकर्णाबाई स्टाफरूममध्ये आल्या. आमच्या ज्युनिअर कॉलेजात झाडलोट करतात. हातात झाडू नव्हता, म्हणजे काहीतरी मोठं होतं. कागद होता.

"वाचा बरं शीलाताई. संघपाल वकिलानं वाचला, पन त्याच्या तोंडून लई वाईट वाटला."

माझ्या तोंडूनही वाईटच वाटला. पडेगावच्या अलीकडची त्यांची वस्ती सरकारी गायरानावर आहे. २०११ च्या आधी घर होतं असा पुरावा द्या, जागा नावावर होईल. नसेल तर घर खाली करा. मुदत चाळीस दिवस.

"लाईट बिल तेराचं हाय. राशन कार्ड सोयगावचं. मंग मला तुमी याद आला. तुमी फोटू काडला व्हता ना माजा, दारात?"

काढला होता. तेव्हा कॉलेजच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं, त्या तिथं बिगारी होत्या. मी कंत्राटदारावर सदर लिहीत होते. त्याच्यासाठी त्यांच्या मागं मागं घरापर्यंत गेले. घर नुकतंच उभं राहिलं होतं. संपादकांनी मजकूर छापला, फोटो नाही. म्हणाले, अंधुक आहे.

"अहो पण तो बाराचा. फेब्रुवारी २०१२."

"आसूं द्या की. बघा तर."

अकराच्या नंतर बारा येतात, हे मी त्यांना समजावणार होते. एकेक वीट डोक्यावरून आणून घर बांधलेल्या बाईला मी मोजायला शिकवणार! कार्ड शोधते म्हणाले.

७ ऑगस्ट, गुरुवार

तेव्हाचं कार्ड सापडलं — बिस्किटाएवढं जाडजूड. ते वाचणारं यंत्र मात्र शहरात कुणाकडं नाही. ग्रुपवर विचारलं. एकानं लिहिलं, वस्तुसंग्रहालयात बघा. हसणारी तोंडं चोवीस. मदत शून्य.

शेवटी औरंगपुऱ्यातल्या ऋतुराजकडं मिळालं. कॅमेरे दुरुस्त करतो, म्हणजे कॅमेरे बघून हळहळतो. "वापस लाना मॅडम, हे एकच उरलंय."

१० ऑगस्ट, रविवार

संघपाल वकील आणि मनकर्णाबाई सकाळी घरी आले. संघपाल त्यांच्याच वस्तीतला, चाळिशीचा, सगळ्या बावीस घरांच्या केसेस त्याच्याकडं.

फोटो उघडला. मी विसरलेच होते. निळं दार, नवा रंग. भिंतीचा गिलावा अजून ओला, कडेकडेनं काळपट. मनकर्णाबाई चौकटीला हात लावून उभ्या, दार पळून जाईल म्हणून धरल्यासारख्या. भोवती मोकळं रान आणि डोळे दिपवणारं ऊन. या कॅमेऱ्याची जुनी खोड — तोंडावर धरला की मागच्या भिंतीवर फोकस लागतो. त्यामुळं भिंतीची वीट न् वीट लख्ख. बाई पुसट.

"ह्या कोन?" मनकर्णाबाई म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "लई वाळले व्हते की मी."

संघपालनं माऊस माझ्या हातातून घेतला. काय काय दाबलं. मग खुर्चीतून उठलाच.

"ताई! दो हजार सात! एक जानेवारी दोन हजार सात, बारा वाजून सहा मिनिटं! केस खलास!"

बारा वाजून सहा मिनिटं म्हणजे तो भर दुपार समजला. आकड्यापुढं AM होतं. मी वाचलं. लख्ख उन्हातला रात्री बाराचा फोटो!

"संघपाल, एक मिनिट. त्या कॅमेऱ्याचं घड्याळ —"

"ताई, थांबा." एकदम हळू आवाजात. "मला काही सांगू नका. माझ्या कानावर पडलं की मला ते माहीत होतं. समजलं?"

समजलं. मी सोमवारी दुसऱ्यांच्या खोटेपणावर आठशे शब्द लिहिणारी बाई. मला पटकन समजतं.

मग तो मनकर्णाबाईंकडं वळला. "पण मावशी, एक जानेवारीला तुम्ही घरी कशा? अख्खी वस्ती भीमा कोरेगावला जाते."

"पाय दुखत व्हता."

"कोणता?"

"तू सांगशील तो."

शिवशंकर चहा घेऊन आत येत होते. कप हिंदकळले इतके हसले. मीही हसले. हसत हसतच झालं सगळं.

११ ऑगस्ट, सोमवार

सदर लिहिलं. विषय : खोटी प्रमाणपत्रं. एकदाही अडखळले नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मधल्या सुट्टीत नळापाशी मनकर्णाबाईंना गाठलं. म्हटलं, हे खोटं आहे. दोघींना माहीत आहे.

"मशीन म्हनतंय ना सात? मंग म्हनू द्या की. मशीनच्या तोंडाला का लागायचं?"

"तुम्ही सात साली कुठं होता?"

त्यांनी बादली भरू दिली. मग नळ बंद करून सांगितलं. सोयगावात. नवरा होता, बन्सी. तो दहा साली गेला. त्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा राजकुमार, यांनी सांभाळला आठ वर्षांचा असल्यापासून. बाप गेल्यावर चौदाव्या दिवशी म्हणाला, "मावशी, आता तुझं इथं काय हाय?" एक पातेलं आणि दोन लुगडी घेऊन एसटीत बसल्या. दोन वर्षं बिगारी. मग ते निळं दार.

"ताई, साऱ्या जल्मात एवडी एकच गोष्ट माजी हाय. दुसरी नाय. फोटूतलं साल बी माजंच आसंल की कुटंतरी."

त्यांना कुणाला लुबाडायचं नव्हतं. रिकामं रान होतं, तेरा वर्षं त्या तिथं आहेत. तेरा वर्षं खरी आहेत! खोटी फक्त सुरुवात.

असं मी स्वतःला नळापासून स्टाफरूमपर्यंत सांगत आले. जिना चढून संपेस्तोवर पटलंही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

प्रतिज्ञापत्र. संघपालनं टाइप करून आणलं. मी, सौ. शीला अमुक, व्यवसाय अध्यापन, शपथेवर लिहून देते की सदर छायाचित्र मी स्वतः माझ्या मालकीच्या कॅमेऱ्यानं काढलं. खरं. त्यात कोणताही फेरफार केलेला नाही. खरं. सदर कॅमेऱ्याचं घड्याळ सुस्थितीत होतं.

"हे तिसरं वाक्य लागतंच का?"

"फॉरमॅट आहे ताई."

तीन वाक्यांत दोन खरी. वर्तमानपत्रात याच्याहून कमी असतात. सही केली. नोटरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, फक्त शिक्का उमटला का ते पाहिलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

सुनावणीचं पत्र आलं. नऊ तारखेला, मूळ कॅमेऱ्यासह हजर राहावे.

मूळ कॅमेऱ्यासह!

हातात घेतील. चालू करतील. आणि तो सगळ्यांसमोर विचारेल — १ जानेवारी २००७, बरोबर?

४ सप्टेंबर, गुरुवार

ऋतुराजकडं धावले. घड्याळ दुरुस्त होईल का?

त्यानं कॅमेरा कानाशी नेऊन हलवला. मीही माझ्या गुडघ्यांचं असंच करते. "मॅडम, आत एक छोटा सेल असतो. तो मेलाय. कधीचाच. बदलायचा तर पूरा खोलना पडता. खोललं की परत लागेल याची ग्यारंटी नाही."

"मग?"

"मग काय, तारीख टाका आणि बॅटरी काढू नका. जोपर्यंत आत आहे तोपर्यंत तारीख राहते. इतकं साधं आहे. इतक्या सालांत कधी टाकलीच नाही का तुम्ही?"

नाही टाकली. बॅटरीचं झाकण तुटलंय, रबरबँड लावलाय. धक्का बसला की बॅटरी खाली घसरते आणि पुन्हा दोन हजार सात.

घरी येऊन चार्ज केली. बसवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ओके न दाबता खालचं बटण दाबलं. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट. वीस सेकंद लागली. चौदा वर्षांत वीस सेकंद मिळाली नाहीत खरं सांगायला, आणि आज मिळाली ती कशासाठी!

९ सप्टेंबर, मंगळवार

झालं.

रिक्षानं गेलो, मी आणि मनकर्णाबाई. मांडीवर कॅमेरा, झाकणावर माझा तळवा. या शहरातले खड्डे! पहिल्या आदळ्याला मी ओरडलेच, "अहो हळू!" रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बच्चा है क्या?" मनकर्णाबाईंनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला. घट्ट, खरबरीत. कार्यालयापर्यंत दोघी तशाच. बघणाऱ्याला वाटलं असतं शपथ घेताहेत.

दारात कारकून होता, इंद्रजीत नावाचा, टेबलावर निळी डायरी, डायरीवर बाबासाहेब. त्यानं फोटोची प्रिंट पाहिली, तारीख पाहिली, मनकर्णाबाईंकडं पाहिलं.

"जय भीम आजी. एक तारखेला घरी? कोरेगावला नाही गेल्या?"

"पाय दुखत व्हता. डावा."

त्यानं क्षणभर त्यांच्या डाव्या पायाकडं बघितलं. "काळजी घ्या," म्हणाला आणि आवक शिक्का मारला. इतकं सभ्यपणे कुणी माझं खोटं पकडलं नव्हतं.

संघपाल आत आधीच येऊन बसला होता. समोर साहेब. पस्तिशीचे, हसरे. मी मनात ज्यांच्यावर चार सदरं तयार करून नेली होती तसे अजिबात नव्हते. कॅमेरा दिसताच उठून उभे राहिले!

"अरे वा! हा मला कॉलेजात असताना घ्यायचा होता. वडील नको म्हणाले." हातात घेतला. माझा हात अजून झाकणावर. त्यांनी ओढला, मी सोडला. खिडकीकडं धरून — खटाक! आजकालचे फोन फोटो काढतात तेव्हा कळतही नाही. याचा आवाज येतो तेव्हा कबुतरं उडतात. उडाली.

पडद्यावर तारीख बघितली. "नऊ नऊ पंचवीस. घड्याळ एकदम करेक्ट आहे हो, एवढ्या जुन्याचं!"

"हो," मी म्हणाले.

एक अक्षर. शपथपत्रापेक्षा जड गेलं.

मग प्रिंट. "घर अगदी स्पष्ट आहे. बाई थोड्या ब्लर आहेत, पण आपल्याला घराशी मतलब." लिहीत लिहीत विचारलं, "सात साली कुटुंबप्रमुख कोण?"

"कोन म्हंजी? मीच की."

"मिस्टर नव्हते?"

मनकर्णाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी संघपालकडं. संघपाल टेबलाकडं.

"व्हते."

"सात साली हयात होते?"

"...व्हते. दहाला गेले."

"नाव सांगा." त्यांनी सांगितलं. साहेबांनी लिहिलं. बस्स, इतकंच. मी तेव्हा बॅटरीचाच विचार करत होते, आणि बॅटरी जागेवर होती.

बाहेर आल्यावर मनकर्णाबाईंनी पेढे घेतले. पहिला इंद्रजीतला दिला.

३० सप्टेंबर, मंगळवार

यादी लागली. वस्तीतली नऊ घरं पात्र. मनकर्णाबाईंचं घर पात्र! अ. क्र. सहा.

तिथं नाव — कै. बन्सी. पुढं कंसात 'वारसांतर्फे'.

संघपालला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लॉजिकल आहे. सात साली घर होतं, सात साली नवरा जिवंत. मग घर त्याचं. तो गेला, म्हणजे वारसांचं."

"वारस कोण?"

"बायको." थांबला. "आणि मुलगा."

"तुला त्या दिवशी टेबलावरच कळलं होतं."

"ताई, तेव्हा बोललो असतो तर घर गेलं असतं. म्हटलं आधी वाचवू. पुढचं पुढं."

मी काय त्याच्यापेक्षा वेगळं केलं होतं?

८ ऑक्टोबर, बुधवार

राजकुमार आला. टेम्पो घेऊन! शेंद्र्याला कंपनीत आहे, तिथं भाड्यानं राहतो. सह्यांसाठी बोलावलं होतं, तो सामानासकट आला. मनकर्णाबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितेय.

"बापाचं घर हाय मावशी. सात सालचं. सरकारनंच लिवलंय."

"आरं मेल्या, सात साली म्या सोयगावात व्हते! तुलाच भाकरी थापून घालत व्हते! तुज्या बापानं ह्या भितीला बोट तरी लावलं का?"

"मंग तू साहेबाला खोटं सांगितलं काय?"

याला उत्तर मलाही अजून सुचलेलं नाही, आणि तोंड चालवणं माझा धंदा आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

वस्तीत जाऊन आले. तयारीनं गेले होते. रिक्षातच वाक्यं जुळवली होती, अशी की राजकुमारच्या सात पिढ्या लाजतील.

तो उठून उभा राहिला. खुर्ची पुसून दिली. "या मॅडम. तुमच्यामुळं बापाचं घर सापडलं." खरोखर हात जोडले! त्याची बायको रूपाली चहा घेऊन आली. दोन मुली कोपऱ्यात पाढे म्हणत होत्या. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या शेजारी आता बन्सीचा फोटो, हार घातलेला.

"मावशीला आम्ही जा म्हणलो नाय. तिचं बी घर हाय," राजकुमार म्हणाला. "पन आमी चौघं, ती एकटी. खोली एक. तुमीच सांगा."

मनकर्णाबाईंची खाट बाहेर पत्र्याखाली होती. निळ्या दाराच्या बाहेर. त्या खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. आत चाललेलं सगळं ऐकू येत होतं.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. लिहिता आलं असतं. हा भाडं भरून थकलेला, मुलींची शाळा बघणारा साधा माणूस. ज्याला पंधरा वर्षांपूर्वी एका बाईला घराबाहेर काढल्याचं आठवतही नाही. रिक्षात जुळवलेली वाक्यं तशीच परत आणली.

निघताना मनकर्णाबाईंनी एकच विचारलं. "ताई, त्यो फोटू तुमच्याकडं हाय का आजून?"

"आहे."

"आन् खरं साल?"

मी चप्पल शोधत राहिले. पायातच होती.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कॉलेज सुटल्यावर त्या घरी आल्या. खाली बसल्या, खुर्चीवर बसा म्हटलं तरी.

"ताई, खरं लिवून द्या आता."

"काय?"

"म्हनावं, फोटू बाराचा हाय. मशीनचं घड्याळ मेलेलं हाय. म्या एकलीनं बांदलं, नवरा मेल्यावर."

"मनकर्णाबाई, तसं लिहिलं तर घर अकराच्या नंतरचं ठरेल. पाडतील."

"पाडू द्या."

शिवशंकर आतून बाहेर आले. तिथंच उभे राहिले.

"पाडू द्या ताई. पाडतील तवा म्हनतील तरी, मनकर्णाबाईचं घर पाडलं. आता काय म्हनत्यात? बन्सीचं घर वाचलं." आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी नाही. भाजीचा भाव सांगावा तसं. "म्या बन्सीच्या बुक्क्या खाल्ल्या धा वर्स. पोराला वाढवला. ते समदं देऊन मोकळी झाले. ही भित नाय देनार. भुईसपाट झाली तरी माजी ऱ्हाईल."

"आणि तुम्ही कुठं जाल?"

"आदी बी कुटं व्हते?"

मी म्हणाले, बघते. संघपालशी बोलते. 'बघते' हा शब्द मी सरकारी कचेऱ्यांवर लिहिताना किती वेळा फाडून खाल्लाय!

त्या गेल्यावर शिवशंकर म्हणाले, "ती बरोबर आहे." मी म्हणाले, मला माहीत आहे. ते म्हणाले, "मग?"

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

संघपाल. चहाच्या टपरीवर, उभ्या उभ्या.

"ताई, भावनेच्या भरात येऊ नका. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे गुन्हा. तुमचा. मावशीनं नुसता फोटो दिला, शपथ तुम्ही घेतली. नोकरीवर येईल. पेन्शनवर येईल. सदर तर —" हसला. "तुमच्या संपादकांना आठवडाभर पहिल्या पानाचं सामान."

"आणि त्या?"

"त्या खाटेवर आहेत. खाट पत्र्याखाली आहे. पत्रा तर आहे ना?"

"तू काय करशील माझ्या जागी?"

"तुमच्या जागी नाही ना मी. म्हणून तर म्हणालो होतो, मला काही सांगू नका."

निवृत्तीला पाच वर्षं उरली. टपरीपासून घरापर्यंत मी ती महिन्यांत मोजली.

५ नोव्हेंबर, बुधवार

आठवडाभर मागच्या जिन्यानं जातेय. पुढचा त्या झाडतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनदा लिहायला बसले. 'मी, सौ. शीला अमुक, शपथेवर लिहून देते की यापूर्वी शपथेवर लिहून दिलेलं' — इथंच थांबते. भाषेचीच शिक्षिका मी. वाक्य पुरं होत नाही.

सोमवारचं सदर मात्र वेळेवर गेलं. वाचकांची पत्रं आली. एकानं लिहिलंय, तुमच्यासारखं निर्भीड कोण लिहितं आता!

११ नोव्हेंबर, मंगळवार

मनकर्णाबाई एकट्याच कार्यालयात जाऊन आल्या! ना मला सांगितलं, ना संघपालला. अर्धी सुट्टी टाकली, बसनं गेल्या.

इंद्रजीतनं फोन करून सांगितलं. नंबर माझ्या प्रतिज्ञापत्रावर होता. म्हणे थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "म्या खोटं बोलले. पाय दुखत नव्हता. घर बाराचं हाय. पाडा."

साहेबांनी पाणी दिलं. खुर्ची दिली. विचारलं, कुणी दमदाटी केली का घरात? मुलगा त्रास देतो का? तशी तक्रार द्या, मी मदत करतो. चांगला माणूस. पण 'पाडा' हे त्यांना ऐकूच आलं नाही. म्हणाले, "आजी, इकडं फोटो आहे, तारीख आहे, शिकलेल्या बाईंचं शपथेवरचं आहे. तुमच्या म्हणण्याला काय आधार?"

"म्या बांदलंय ना!"

"मॅडम," इंद्रजीत मला म्हणाला, "साहेब एकदा तुम्हाला फोन करतील. खात्रीसाठी." मग फोन ठेवता ठेवता, "बघा तुम्ही," म्हणाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी अकराला फोन आला. स्टाफरूममध्येच होते. साहेब अदबीनं म्हणाले, "मॅडम, त्या आजी म्हणतात फोटो बाराचा आहे. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "प्रतिज्ञापत्रात आहे तेच."

"मग झालं. वय झालंय त्यांचं, घोळ होत असेल सालांचा."

मी "हो" म्हणाले.